सहयोगी शिक्षक बैठक

सहयोगी शिक्षक बैठक म्हणजे एकच इयत्ता किंवा एकच विषय शिकवणाऱ्या शिक्षकांच्या लहान गटाने विद्यार्थ्यांच्या अध्ययनातील अडचणी समजून घेण्यासाठी आणि त्यांवर अध्यापनाचे उपाय शोधण्यासाठी नियमितपणे घेतलेली बैठक होय. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली होणाऱ्या शिक्षक सभेपेक्षा तिचे स्वरूप वेगळे असते. शिक्षक सभेत परिपत्रके, कार्यक्रमांची आखणी, कामांचे वाटप आणि प्रशासकीय सूचना हे विषय प्रामुख्याने येतात. सहयोगी बैठकीचा विषय वर्गातील शिकणे आणि शिकवणे हा असतो.

१९८० च्या दशकापासून अमेरिकेत आणि त्यानंतर इतर अनेक देशांत शालेय सुधारणेचे साधन म्हणून या बैठकांना महत्त्व प्राप्त झाले. मात्र शिक्षकांना एकत्र बसवल्याने अध्यापन आपोआप सुधारत नाही, असे या विषयावरील संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. बैठकीची वेळ, गटाची रचना, चर्चेची पद्धत, नेतृत्व आणि पाठपुरावा यांवर तिची परिणामकारकता अवलंबून असते. त्यामुळे बैठका भराव्यात की नाहीत यापेक्षा त्या कशा सुधाराव्यात हा या क्षेत्रातील मुख्य प्रश्न मानला जातो.

पार्श्वभूमी

शाळेत अनेक शिक्षक एकाच इमारतीत काम करत असले तरी प्रत्यक्ष अध्यापन ते एकेकट्यानेच करतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्कूलटीचर' या ग्रंथात या एकाकीपणाचे विश्लेषण केले. शाळेची रचना अंडी ठेवण्याच्या खोक्यासारखी असते, प्रत्येक शिक्षक आपापल्या कप्प्यात स्वतंत्र असतो, असे रूपक त्यांनी वापरले. या रचनेत एका शिक्षकाला अनुभवातून गवसलेली युक्ती शेजारच्या वर्गापर्यंत पोहोचत नाही आणि नवीन शिक्षकाला बरेचसे काम स्वतःच्या चुकांमधूनच शिकावे लागते.

जुडिथ वॉरेन लिटल यांनी १९८२ साली सहा शहरी शाळांच्या अभ्यासावर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध केला. तुलनेने यशस्वी शाळांमध्ये शिक्षक अध्यापनाविषयी नेमकेपणाने बोलतात, एकमेकांचे तास पाहतात, साहित्य एकत्र तयार करतात आणि एकमेकांना शिकवतात, असे त्यांना आढळले. शर्ली होर्ड यांनी १९९७ मध्ये आणि रिचर्ड डुफोर व रॉबर्ट ईकर यांनी १९९८ मध्ये 'प्रोफेशनल लर्निंग कम्युनिटी', म्हणजे व्यावसायिक अध्ययन समुदाय, ही कल्पना शाळांसाठी सविस्तर मांडली. डुफोर हे इलिनॉय राज्यातील ॲडलाय स्टीव्हन्सन हायस्कूलचे प्राचार्य होते. त्यांच्या मांडणीमुळे शिक्षकगटाची नियमित बैठक हा अनेक अमेरिकन शाळांच्या वेळापत्रकाचा भाग बनला.

पूर्व आशियात ही परंपरा अधिक जुनी आहे. जपानमध्ये 'जुग्यो केन्क्यू', म्हणजे पाठ अभ्यास, या पद्धतीची मुळे मेइजी काळात सापडतात. तीत शिक्षकांचा गट एक पाठ मिळून आखतो, गटातील एक शिक्षक तो वर्गात घेतो, इतर शिक्षक विद्यार्थ्यांचे निरीक्षण करतात आणि नंतर त्यावर चर्चा होते. जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट यांच्या १९९९ सालच्या 'द टीचिंग गॅप' या पुस्तकामुळे ही पद्धत पाश्चात्त्य देशांत परिचित झाली. चीनमधील शाळांत १९५० च्या दशकापासून विषयनिहाय अध्यापन संशोधन गट कार्यरत आहेत.

सहकार्याचे प्रकार

लिटल यांनी १९९० साली शिक्षकांमधील व्यावसायिक देवाणघेवाणीचे चार प्रकार सांगितले. परस्परावलंबन ज्या क्रमाने वाढते, त्या क्रमाने ते पुढीलप्रमाणे आहेत.

१. अनुभवकथन : वर्गातील प्रसंग एकमेकांना सांगणे आणि ऐकता ऐकता उपयोगी कल्पना उचलणे.
२. साहाय्य : कोणी विचारल्यास मदत करणे किंवा सल्ला देणे.
३. देवाणघेवाण : पाठ टाचणे, प्रश्नपत्रिका, शैक्षणिक साहित्य एकमेकांना देणे.
४. संयुक्त कार्य : विद्यार्थ्यांच्या अध्ययनाची जबाबदारी सामायिक मानून एकत्र नियोजन, अंमलबजावणी व परीक्षण करणे.

पहिल्या तीन प्रकारांत प्रत्येक शिक्षकाचे अध्यापन पूर्वीप्रमाणेच खासगी राहू शकते. चौथ्या प्रकारात ते सहकाऱ्यांसमोर खुले होते. बहुतेक बैठका पहिल्या तीन प्रकारांतच थांबतात. त्यांना चौथ्या प्रकाराकडे नेणे हे सुधारणेचे उद्दिष्ट मानले जाते.

बैठका निष्फळ ठरण्याची कारणे

लादलेले सहकार्य : अँडी हारग्रीव्ह्ज यांनी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासातून 'कृत्रिम सहकारभाव' ही संकल्पना मांडली. प्रशासनाने ठरवलेल्या वेळी, ठरवलेल्या विषयावर आणि वरून आलेली योजना राबवण्यासाठी भरणारी सक्तीची बैठक सहकार्याचा केवळ देखावा निर्माण करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अशा बैठकीत शिक्षक उपस्थित राहतात, इतिवृत्त लिहिले जाते. परंतु खरा प्रश्न मांडला जात नाही.

वरवरचे एकमत : पॅम ग्रॉसमन, सॅम वाइनबर्ग व स्टीफन वूलवर्थ यांनी सिएटलमधील एका माध्यमिक शाळेतील इंग्रजी व इतिहास शिक्षकांच्या गटाचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. नव्याने एकत्र आलेला गट सुरुवातीस मतभेद नसल्याप्रमाणे वागतो, असे त्यांनी नोंदवले. या अवस्थेला त्यांनी 'आभासी समुदाय' म्हटले. मतभेद उघडपणे मांडण्याची आणि ते हाताळण्याची सवय लागल्यानंतरच गट परिपक्व होतो.

अडचणीवर पांघरूण : इलाना हॉर्न व लिटल यांनी २०१० साली एकाच शाळेतील दोन शिक्षकगटांच्या संभाषणांची तुलना केली. एखाद्या शिक्षकाने वर्गातील अडचण सांगितली की 'असे सर्वांच्याच वर्गात होते' अशा अर्थाची प्रतिक्रिया दोन्ही गटांत उमटत असे. एका गटात त्या दिलाशानंतर विषय बदलत असे. दुसऱ्या गटात त्यानंतर नेमके काय घडले, विद्यार्थी काय म्हणाले, तसे का झाले असावे, अशी विचारपूस सुरू होत असे. दिलासा दोन्हीकडे मिळत होता. शिकण्याची संधी मात्र प्रामुख्याने दुसऱ्या गटाला मिळत होती.

विषयांतर : अभ्यासक्रम कोठपर्यंत पोहोचला, चाचणी कधी घ्यावी, साहित्य कोठे मिळेल, या बाबी आवश्यक असल्या तरी त्या बैठकीचा बराचसा वेळ व्यापतात. विद्यार्थ्यांचे उत्तर का चुकले हा प्रश्न शेवटी उरतो आणि पुढील बैठकीवर ढकलला जातो.

परिणामकारक बैठकीचे घटक

रोनाल्ड गॅलिमोर, ब्रॅडली अर्मेलिंग, विल्यम सॉन्डर्स व क्लॉड गोल्डनबर्ग यांनी दीर्घकालीन अभ्यासाच्या आधारे २००९ साली शिक्षकगटांच्या यशासाठी आवश्यक असलेल्या बाबी मांडल्या. त्यांचा आशय पुढीलप्रमाणे सांगता येतो.

समान काम असणारा गट : गटातील सर्वांचा विषय किंवा इयत्ता समान असावी आणि सदस्यसंख्या साधारणतः तीन ते सात असावी. समान अध्यापन करणाऱ्यांनाच एखादा उपाय आपल्या वर्गात करून पाहता येतो व परिणामांची तुलना करता येते.

राखीव व स्थिर वेळ : बैठकीची वेळ वेळापत्रकात आधीच निश्चित असावी आणि इतर कामांसाठी ती घेतली जाऊ नये. शाळा सुटल्यानंतर उरलेल्या वेळेत भरणारी किंवा ऐनवेळी रद्द होणारी बैठक टिकत नाही.

लिखित कार्यपद्धती : चर्चेचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचा वेळ लेखी ठरलेला असावा. त्यामुळे चर्चा भरकटत नाही आणि एखाद्या ज्येष्ठ सदस्याच्या मताने ती दडपलीही जात नाही.

सहकाऱ्याचे संचालन : बैठकीचे संचालन प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाने करावे. हा शिक्षक स्वतः तोच विषय शिकवत असल्याने उपाय प्रथम आपल्या वर्गात करून पाहतो. तो निरीक्षक किंवा वरिष्ठ नसतो.

अखेरपर्यंत पाठपुरावा : विद्यार्थ्यांची एक ठराविक अडचण निवडून तिच्यात दिसण्याजोगी प्रगती होईपर्यंत गटाने तीच समस्या धरून ठेवावी. आपल्या अध्यापनातील बदल आणि विद्यार्थ्यांच्या कामातील बदल यांचा संबंध शिक्षकांना यामुळे प्रत्यक्ष दिसतो.

या बाबींना परस्परविश्वासाची जोड आवश्यक असते. अँथनी ब्रिक व बार्बरा श्नायडर यांनी शिकागोतील प्राथमिक शाळांवर आधारित २००२ सालच्या 'ट्रस्ट इन स्कूल्स' या ग्रंथात आदर, कार्यक्षमता, व्यक्तिगत आस्था व सचोटी हे विश्वासाचे चार आधार सांगितले. आपल्या वर्गाचे दुबळे निकाल सहकाऱ्यांसमोर ठेवणाऱ्या शिक्षकाला ते नंतर मूल्यमापनासाठी वापरले जाणार नाहीत, याची खात्री लागते.

कार्यपद्धती

चार प्रश्न

डुफोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गटाची चर्चा चार प्रश्नांभोवती ठेवण्याचे सुचवले. विद्यार्थ्यांनी काय शिकावे, ते शिकले हे कसे कळेल, जे शिकले नाहीत त्यांच्यासाठी काय करावे आणि ज्यांना ते आधीच येते त्यांना पुढे कसे न्यावे, हे ते प्रश्न होत.

विद्यार्थ्यांच्या कामाचे परीक्षण

बैठकीत विद्यार्थ्यांच्या वह्या, उत्तरपत्रिका किंवा लेखनाचे नमुने समोर ठेवून चर्चा करण्याची पद्धत प्रचलित आहे. त्यासाठी 'कोअलिशन ऑफ इसेन्शियल स्कूल्स' या अमेरिकन शाळासमूहात १९९० च्या दशकाच्या आरंभी 'ट्यूनिंग प्रोटोकॉल' ही चर्चापद्धती विकसित झाली. तीत सादरकर्ता शिक्षक आपले काम आणि त्याविषयीचा प्रश्न मांडतो. सहकारी प्रथम केवळ माहिती विचारतात आणि नंतर कामातील जमेच्या बाजू व शंका मांडतात. ही चर्चा चालू असताना सादरकर्ता मौन पाळून नोंदी घेतो आणि शेवटी त्यांवर आपले विचार व्यक्त करतो. समर्थन किंवा खुलासा देण्याची घाई टाळणे हा या मौनाचा हेतू आहे.

उदाहरण

हातच्याच्या वजाबाकीत ५२ मधून १७ वजा करताना काही विद्यार्थी ४५ हे उत्तर लिहितात. केवळ गुण पाहिल्यास हे एक चुकीचे उत्तर ठरते. वह्या एकत्र ठेवून पाहिल्यास विद्यार्थ्यांनी एककस्थानी २ मधून ७ वजा करण्याऐवजी ७ मधून २ वजा केले, म्हणजेच ते प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात, हे लक्षात येते. अशा विद्यार्थ्यांना आणखी सराव उदाहरणे दिल्यास तीच चूक दृढ होण्याचा संभव असतो. त्याऐवजी दहाचे गठ्ठे सोडवून सुटे करण्याची कृती सर्व वर्गांत घेणे, दोन आठवड्यांनी तशीच उदाहरणे देणे आणि नवीन वह्या घेऊन पुन्हा बसणे, असा निर्णय गट घेऊ शकतो. कोणत्या वर्गात ही चूक कमी झाली आणि तेथील शिक्षकाने नेमके काय केले, हा पुढील बैठकीचा विषय ठरतो.

नोंदी

परिणामकारक बैठकीच्या नोंदी संक्षिप्त असतात. निवडलेली अडचण, ठरलेली कृती, ती करणारे शिक्षक, पुढील बैठकीत आणावयाचे नमुने आणि तारीख एवढ्या बाबी पुरेशा मानल्या जातात. पुढील बैठकीचा आरंभ याच नोंदींच्या आढाव्याने होतो.

संशोधनातील निष्कर्ष

सॉन्डर्स, गोल्डनबर्ग व गॅलिमोर यांचा २००९ सालचा अभ्यास या विषयात महत्त्वाचा मानला जातो. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांच्या नऊ शाळांची तुलना त्यांनी तशाच सहा शाळांशी पाच वर्षे केली. पहिल्या दोन वर्षांत केवळ मुख्याध्यापकांना प्रशिक्षण देण्यात आले व शिक्षकगटांसाठी वेळ उपलब्ध करून देण्यात आला. या काळात विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत तुलनात्मक शाळांपेक्षा फरक पडला नाही. पुढील तीन वर्षांत शिक्षक नेत्यांनाही प्रशिक्षण देण्यात आले आणि बैठकांसाठी स्पष्ट कार्यपद्धती पुरवण्यात आली. त्यानंतर या शाळांतील संपादणूक तुलनात्मक शाळांपेक्षा अधिक वेगाने वाढली. वेळ उपलब्ध करून देणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, असा निष्कर्ष यातून काढला जातो.

मॅथ्यू रॉनफेल्ट व सहकाऱ्यांनी २०१५ साली फ्लोरिडातील मायामी-डेड परगण्याच्या ३३६ शाळांमधील ९,००० हून अधिक शिक्षकांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्या शाळांत सहकार्याचा दर्जा चांगला होता, तेथे गणित व वाचनातील प्रगती अधिक होती आणि तेथील शिक्षक अधिक वेगाने सुधारत होते. मूल्यमापनाविषयीच्या सहकार्याचा संबंध विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी विशेष आढळला. हा अभ्यास प्रायोगिक नसल्याने त्यावरून कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध होत नाही.

सर्वच निष्कर्ष अनुकूल नाहीत. इंग्लंडमधील एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने पाठ अभ्यासाच्या एका कार्यक्रमाची यादृच्छिक चाचणी घेतली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात त्या कार्यक्रमामुळे प्राथमिक विद्यार्थ्यांच्या गणित व वाचनातील संपादणुकीत वाढ झाल्याचा पुरावा आढळला नाही.

भारत व महाराष्ट्र

भारतात शाळांनी एकमेकांच्या साहाय्याने काम करावे ही कल्पना कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'शाळा संकुल' या स्वरूपात मांडली. महाराष्ट्रातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. परिसरातील शाळांचा समूह करून त्यांच्यातील शैक्षणिक एकाकीपणा दूर करावा, असा या शिफारशीचा उद्देश होता. १९९० च्या दशकातील जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम व २००१ पासूनचे सर्व शिक्षा अभियान यांतून गट व समूह साधन केंद्रे विकसित झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळा संकुलाचा पुनरुच्चार करण्यात आला असून प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली आहे.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचे 'केंद्र' हे एकक असून केंद्रप्रमुख त्याचे काम पाहतात. केंद्रातील शिक्षकांची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद भरते. तीत आदर्श पाठ, विषयनिहाय मार्गदर्शन, साहित्याचे प्रदर्शन आणि शासकीय योजनांची माहिती असे विषय असतात.

ग्रामीण भागात केंद्र स्तरावरील बैठकीला विशेष महत्त्व आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत विद्यार्थी असल्यास दोन शिक्षकांची तरतूद आहे. अशा द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे अनेक इयत्ता असतात आणि समान काम करणाऱ्यांचा गट शाळेच्या आत तयार होऊ शकत नाही. इयत्ता किंवा विषयानुसार छोटे गट करून त्यांना स्वतंत्र चर्चेसाठी वेळ देण्याची सोय शिक्षण परिषदेतच होऊ शकते. सर्व शिक्षकांना एकत्र बसवून केवळ सूचना दिल्यास ही संधी वाया जाते. मोठ्या शहरी व माध्यमिक शाळांत एका विषयाचे अनेक शिक्षक असतात. तेथे मुख्य अडचण समान मोकळी तासिका मिळण्याची असते आणि ती वेळापत्रक तयार करतानाच सोडवावी लागते.

उपरोक्त अधिनियमात शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास निश्चित केले असून त्यांत अध्यापनाच्या पूर्वतयारीचाही समावेश आहे. त्यामुळे सहनियोजनाचा वेळ कामाच्या वेळेचा भाग मानण्यास आधार मिळतो.

टीका व मर्यादा

सहयोगी बैठकांवर पुढील आक्षेप घेतले जातात.

* चाचणीच्या आकडेवारीवर अधिक भर दिल्यास चर्चा उत्तीर्णतेच्या सीमेजवळील विद्यार्थ्यांपुरती मर्यादित होते आणि सर्वांत मागे असलेले विद्यार्थी दुर्लक्षित राहतात.
* गटातील कोणालाच विषयाचे पुरेसे सखोल ज्ञान नसल्यास चुकीची समजूत सर्वसंमतीने पक्की होऊ शकते. जपानी पाठ अभ्यासात यासाठी बाहेरील जाणकार भाष्यकाराला निमंत्रित केले जाते.
* अशैक्षणिक कामांचा भार कमी न करता बैठकांची भर घातल्यास शिक्षकांचा ताण वाढतो.
* कार्यपद्धतीचे टप्पे यांत्रिकपणे पाळल्यास नमुना भरणे हेच बैठकीचे उद्दिष्ट बनते.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय अध्यापन व अध्ययन सर्वेक्षणातही साहित्याची देवाणघेवाण व विद्यार्थ्यांविषयीची चर्चा ही सर्वसामान्य आढळली, तर एकमेकांचे तास पाहणे किंवा एकत्र शिकवणे हे सखोल सहकार्य त्या मानाने विरळ आढळले. लिटल यांनी वर्णन केलेला अध्यापनातील खासगीपणा त्यामुळे अनेक देशांत आजही कायम असल्याचे दिसते.

हेही पहा

* पाठ अभ्यास
* शाळा संकुल
* केंद्रप्रमुख
* कोठारी आयोग
* राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०
* सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन